पोर बसत नाही, तेच बरं

'ताई, मी एकतीस वर्षांची. माहेर शिरपूरकडचं, सासर अमळनेरला. लग्नाआधी एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलं, नोकरी मिळाली नाही. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. गेल्या दोन वर्षांपासून पुन्हा चित्रं काढायला लागले. समोर हीच दोघं असतात म्हणून त्यांचीच काढते. पण ती क्षणभर एका जागी बसत नाहीत. मग मोबाइलवर फोटो काढून त्यावरून काढते, तर मुलगा चित्रात म्हातारा दिसतो. सासूबाई म्हणतात, "निजेल पोऱ्यानं चित्र काढू नही, नजर लागस." एटीडीची मैत्रीण पुण्यात प्रदर्शनं करते. ती म्हणाली, "पोरांची चित्रं काय, सगळ्याच आया काढतात. तू तुझं काम कधी सुरू करणार?" मागच्या आठवड्यात मुलाचं एक चित्र जरा जमलं होतं, त्याला मुलीने स्केचपेनने मिशा काढल्या. मी तिच्यावर ओरडले. परवा तीच म्हणाली, "आई, तू मला पाहते का चित्राला?" तेव्हापासून वही उघडली नाही. पोरं मोठी होईपर्यंत थांबू का?'
– एक आई, अमळनेर

मिशांपासून सुरुवात करते. ते पान फाडलं नाहीस ना? फाडलं नसशील तर मागे तारीख टाक, 'मिशा ताईच्या हातच्या' असं लिही आणि नीट ठेव. तुझ्या चित्रापेक्षा त्या मिशांमध्ये जोर जास्त असणार, हे मी न बघता सांगते. पाच वर्षांचं पोर रेघ ओढतं तेव्हा 'जमेल का?' हा प्रश्न त्याला पडत नाही. तुला पडतो, आणि पत्रातली तुझी निम्मी दुखणी तिथूनच निघाली आहेत.

मी भुसावळला एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी किती पोरं हाताखालून गेली याची मोजदाद नाही. त्यांच्यापुढे मी काय ठेवत आले? एक माठ, दोन कांदे, मागे चुरगळलेलं कापड. माठ हलत नाही. तू एटीडीला गेलीस तिथेही स्टुलावर कोणी काका बसवले असतील आणि ते जरा कलले की सगळ्यांनी 'काका, मान' असा ओरडा केला असेल. म्हणजे आपल्यासारख्या शिकलेल्यांच्या हाडीमाशी एकच गोष्ट भिनलेली असते, की समोरच्याने हलायचं नाही. ती सवय घेऊन तू चौदा महिन्यांच्या पोरासमोर बसलीस. तो कसला ऐकतोय! तो ऐकत नाही म्हणून तू फोटोकडे वळलीस, फोटोने फसवलं, आणि आता वाटतंय की आपल्याला चित्र येत नाही.

चित्र येतं तुला. तुला बसलेल्या माणसाचं येतं. हलत्या जिवाचं शिकायचं राहिलं आहे, आणि त्याचा मास्तर तुझ्या घरात रांगतोय. फी नाही, वेळापत्रक नाही, रजा तर नाहीच नाही.

करायचं ते असं. मोठी वही बंद. घरात पाठकोरे कागद असतील, जुनी बिलं, शाळेच्या सूचना, ते एका पॅडला लाव. बॉलपेन घे. पेन्सिल नको, कारण पेन्सिल आली की रबर येतं, आणि रबर आलं की तू पोराकडे बघायचं सोडून कागद पुसत बसशील. आता पेन खालीच ठेव आणि नुसतं बघ. चौदा महिन्यांचं मूल उभं कसं राहतं? पाय फाकलेले, पोट पुढे, हात खांद्याच्या वर, जणू कुणीतरी 'हँड्स अप' म्हटलंय. दोन पावलं टाकतं, डुलतं, धप्पकन बसतं. वाकून मुंगी बघायची असेल तर उकिडवं बसतं, टाचा जमिनीला चिकटलेल्या आणि पाठ एका रेघेत वाकलेली. ही पाठ मानेपासून ढुंगणापर्यंत एकच वळण आहे. ते वळण बघ, डोळे मीट, आणि डोळे उघडून फक्त ते वळण काढ. एवढीच रेघ. पोर उठून गेलं तर जाऊ दे. त्याच कागदावर, दोन बोटं सोडून, पुढचं जे दिसेल ते सुरू कर. अर्धवट, डोकं नसलेलं, एका पायाचं, कसंही.

पंधरा मिनिटांत कागदावर आठ-दहा तुकडे होतील. मग गंमत बघ. पोर परत त्याच मुंगीकडे येईल. लहान मुलांना आपण चंचल म्हणतो ते तेवढंसं खरं नाही. त्यांच्या आठ-दहाच बैठका असतात आणि दिवसभर ती त्यांच्यातच फिरत असतात. पहिल्या तुकड्याकडे जा आणि राहिलेला पाय घाल. तो परत गेला की तिसऱ्याकडे. आठवतो ना स्मरणचित्राचा पेपर? 'आठवडे बाजार', 'लग्नातली पंगत' अशी चित्रं आपण घोकून जायचो, ते सोड. पण बघून घ्यायचं, मनात धरायचं आणि मग काढायचं, हा त्या पेपरामागचा मूळ विचार फार चांगला होता. आम्ही मास्तरांनीच तो घोकंपट्टीत घालवला.

आता तुझा छोटा म्हातारा. ही तक्रार मी आयुष्यभर ऐकत आले आहे, आणि तिची कारणं ठरलेली आहेत.

पूर्वी शाळेत घालताना मास्तर मुलाला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं, नाव घाला. जन्मतारखेचे दाखले नसायचे तेव्हाची ही पद्धत. तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांना माहीत असेल. तुझ्या धाकट्याचा हात धरून बघ, कानापर्यंत तर सोड, माथ्यापर्यंतही धड जाणार नाही. त्याचं डोकं केवढं मोठं आणि हात केवढे आखूड, ते तेव्हा कळेल. नुकत्या जन्मलेल्या बाळाची उंची त्याच्याच डोक्याच्या चौपट असते. तुझा मुलगा साधारण साडेचार डोक्यांचा, मुलगी साडेपाचाच्या आसपास, आणि तू-मी सात-साडेसात. एटीडीत साडेसात पाठ केलेला हात आपोआप लांब पाय काढतो. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात हेही तू शिकलीस. तान्ह्याचे मध्याच्या खाली असतात. वर नुसतं कपाळ, आणि डोळे, नाक, तोंड सगळं खालच्या भागात दाटीवाटीने. नाकाचा वरचा भाग सपाट, हनुवटी मागे गेलेली, वरचा ओठ जरा पुढे. मान जवळजवळ नाहीच. बुबुळं मात्र जवळपास मोठ्या माणसाएवढी, म्हणून डोळ्यात पांढरं कमी दिसतं. तू डोळे वर चढवलेस आणि बुबुळाभोवती पांढरं सोडलंस की झाला तयार पन्नाशीचा भाऊसाहेब!

शेडिंग हे तिसरं कारण. नाकाच्या कडेने ओठाकडे येणारी रेघ लहान मुलाला नसतेच, असली तर हसताना. तिथे पेन्सिल घासलीस की वय वाढलं. गालाला छाया द्यायची तर एकाच हलक्या हाताने दे आणि गोल जिथे संपतो तिथे थांब.

फोटोचं म्हणशील तर फोटो वाईट नाही, तू काढतेस तो वाईट. आपण उभ्याने, हात लांब करून, वरून काढतो. मोबाइल जवळ असला की जे जवळ आहे ते फुगतं, म्हणजे कपाळ आणि नाक. पाय बारीक होत खाली निघून जातात. काढायचाच तर सहा-सात फूट मागे जा, जमिनीवर बस, मोबाइल पोराच्या छातीच्या उंचीवर धर आणि फ्लॅश बंद ठेव. तरी माझं ऐकशील तर आधी शंभर तुकडे बॉलपेनने काढून हो, मग फोटोला हात लाव. शंभर म्हणजे फार नव्हे. पंधरवडा.

निजलेल्या पोराच्या बाबतीत सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या मनातली भीती चित्राची नाही, ती नातवाच्या जिवाची आहे. त्यांच्या तरुणपणी पाळण्यातलं पोर हाती लागेल याची खात्री नसायची. मी काय केलं ते सांगते. माझ्याही सासूबाई हेच म्हणायच्या. मी निजलेल्या मुलाचं चित्र काढलं, त्यांच्यासमोर नेलं, आणि काजळाच्या डबीत बोट बुडवून चित्रातल्या गालाला तीट लावली. त्या आधी बघतच राहिल्या, मग हसल्या. पुढे माझ्या वह्यांत निजलेल्या प्रत्येक चित्राला तीट आहे. काही चित्रांत तर ती एकच गोष्ट नीट जमलेली आहे.

आणि सासूबाईंनाच चित्रात घे. अजूनही त्या अंघोळीआधी बाळाला तेल लावतात का? पाय लांब करून बसायचं, पोराला नडग्यांवर पालथं घालायचं आणि पाठ रगडायची. या बैठकीत ते पोर दहा मिनिटं एका जागी सापडतं, दिवसातून एकदाच. हाताच्या शिरा, सुरकुत्या, बांगडीने पडलेला वळ, आणि त्याखाली ती मऊ, तेलाने चमकणारी पाठ. म्हातारी आणि कोवळी कातडी एकमेकीला लागून! चित्रकाराला यापरतं दुसरं काय पाहिजे? सासूबाईंना आधी विचार मात्र. आणि लुगड्याचा काठ नीट काढ, त्या तेच आधी बघतील.

दुपार निजलेल्या पोराची. आपल्याकडे चैत्र-वैशाखात एक ते चार घराबाहेर कुणी पडत नाही. कूलर घरघरतोय, दाराला पडदा आणि फटीतून येणारा एक उजेडाचा पट्टा. या वेळी पेन्सिल बाहेर काढ, ४बी किंवा ६बी. छाया-प्रकाशाचा अभ्यास इथे. उघडलेली मूठ, ओठांवरचा दुधाचा ओघळ, ओलसर केस कपाळाला चिकटलेले. जलरंग मात्र या दिवसांत दुपारी काढू नकोस, ब्रश कागदाला टेकतो न टेकतो तोच रंग वाळून कड पडते. पहाटे काढ. किंवा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फरशीच्या तुकड्यावर चिकटव आणि पाण्यात ग्लिसरीनचा एक थेंब टाक, मग तो जरा दम धरतो. खरी मजा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. दिवाळीनंतर घरात कापूस येत असेल तर भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत ढीग पडलेला असतो आणि पोरं त्यात उड्या मारतात. पांढऱ्यावर पांढरं. तिथे कापूस काढायचाच नाही. कागद कोरा ठेवायचा, पोर तेवढं रंगवायचं आणि त्याच्याभोवती दोन-तीन निळसर सावल्या. कोरं सोडायला शिकणं हा जलरंगाचा निम्मा अभ्यास आहे. मी तो कापसाच्या ढिगावर शिकले. (रात्रभर पोरं अंग खाजवत बसतात, ते वेगळं.)

आता मैत्रीण. तिचं वाक्य तुला लागलं, कारण ते तुझ्याही मनात होतं.

चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस राहायचे. जन्म १९१२चा, १९८९ साली गेले. चित्रकार, छायाचित्रकार, टेबलावर छोटे देखावे मांडून त्यांचे फोटो काढण्यात नावाजलेले. वर्षानुवर्षं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. घराचं नाव होतं 'रेम्ब्राँट्स रिट्रीट'. आज तिथे त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. बघितलं नसशील तर बघ, तुझ्यापासून लांब नाही. चार भिंतींत राहून काम होतं, एवढं त्या घराकडे बघून कळतं. अर्थात मूस एकटे होते. त्यांना अकरा वाजता 'आई, शी झाली' असं कुणी सांगत नव्हतं. म्हणून तुला त्यांचं उदाहरण पूर्ण लागू नाही, ज्याच्या नावाने त्यांनी घर ठेवलं त्याचं लागू आहे.

त्या रेम्ब्राँटची, सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची, पहिली तीन लेकरं जन्मानंतर काही दिवसांत-आठवड्यांतच गेली. चौथा तितस, १६४१चा, तो जगला. घरातल्या, शेजारच्या बायका पोरांना घेऊन कशा उभ्या राहतात, एखादं हट्टी पोर हातातून कसं निसटतं, दोघी जणी मिळून पोराला चालायला कशा शिकवतात, याची त्याची झटपट रेखाटनं आहेत. काही तर मोजक्या रेघांची. तितस चौदा वर्षांचा झाला तेव्हा, १६५५ साली, लिहिता लिहिता थांबून अंगठा गालाला टेकवून बसलेला तो रेम्ब्राँटने रंगवला. हे चित्र आता रॉटरडॅमला आहे. समोर लाकडी मेजाची एक मोठी फळी, जवळपास काहीच नसलेली, आणि तिच्यामागे एक विचारात पडलेलं पोर. त्याला कुणी म्हणालं असेल का, 'हे झालं घरचं, तुझं काम कधी?'

पुण्याच्या मैत्रिणीला हे लांबचं वाटलं तर तिला ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवायला सांग. कॅलेंडरवर, हॉटेलात, डॉक्टरांच्या दवाखान्यात असतं, आणि बहुतेक लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून दाखवतात. ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, १९४५-४६च्या सुमाराचं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लावलेलं. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी. घरचंच काम.

आणि सगळ्यात जवळचं. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. सोमवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेव. सतरा नंबरच्या लेण्यात आतल्या बाजूला भिक्षापात्र घेतलेला बुद्ध आहे, प्रचंड, भिंतभर. त्याच्या पुढ्यात एक बाई आणि तिचं मूल. लोक यशोधरा आणि राहुल म्हणतात. आई मुलाच्या मागे उभी आहे, त्याला किंचित पुढे करते आहे आणि त्याच वेळी धरूनही आहे. हात बघ तिचे. सोडायचं की धरायचं हे त्या हातांनाच ठरवता आलेलं नाही. पंधराशे वर्षांपूर्वी हे ज्याने काढलं त्याने कुठेतरी एखाद्या आईला असं उभं राहिलेलं नीट बघितलं असणार, बाजारात म्हण, घरात म्हण. लेण्यात फ्लॅश चालत नाही, उजेड कमी असतो, थोडा वेळ उभं राहिलं की डोळ्यांना दिसायला लागतं. मुलीला घेऊन जा.

तेव्हा विषय लहान नाही. पण मैत्रिणीच्या बोलण्यातला एक अंश मी खरा मानते, तोही सांगते. पोरांची चित्रं काढताना हात गोड होतो. गाल जास्त गोल, डोळे जास्त मोठे, पापण्या तर झाडूसारख्या. हे चित्र पोराचं नसतं, आपल्या मायेचं असतं, आणि माया बाहेरच्याला दिसत नाही, त्याला नुसती साखर दिसते. हे टाळायला माझ्याकडे एक उपाय आहे. महिनाभर पाठमोरंच काढ. चेहरा काढायचाच नाही. पाठ, मानेची घळ, फ्रॉकची सुटलेली नाडी, उंबऱ्यावर बसलेली मुलगी आणि तिच्या पलीकडे उन्हाने पांढरंफटक झालेलं अंगण. चेहरा नसताना ती तुझीच मुलगी वाटली पाहिजे. जमलं तर तू वाढलीस. दुसऱ्या महिन्यात फक्त हात, तिसऱ्या महिन्यात फक्त दारातला उजेड. दिवाळीला सगळे कागद जमिनीवर पसर, तारखेप्रमाणे लाव आणि एखाद्या तोंडफाटक्या माणसाला बोलव. कौतुक करणारी माणसं त्या दिवशी घरात नकोत.

आणि चित्र पुरं झालंच पाहिजे हा हट्ट सोड. लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराने काढलेलं त्याच्या दोन मुलींचं चित्र आहे, १७५६च्या सुमाराचं. तुझ्या मुलीएवढ्याच, हातात हात घालून फुलपाखरामागे निघालेल्या. चित्र अपुरं आहे. त्याने मुलींची दुहेरी चित्रं पुढेही काढली आणि त्यांतलीही काही अशीच अर्धी राहिली. बाहेरच्या गिऱ्हाइकांची पुरी करून द्यावी लागत असणार, घरच्यांची राहत असणार. तरी लोक तासन्‌तास त्या अर्ध्या चित्रापुढे उभे राहतात.

आता मुलीचा प्रश्न. तो मी मुद्दाम मागे ठेवला.

माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा मी एका राज्यपातळीवरच्या स्पर्धेसाठी त्याचं व्यक्तिचित्र करायला घेतलं. तैलरंग. रविवारी सकाळी त्याला स्टुलावर बसवलं, हातात लाकडी बैल दिला आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. हलला की मी दटावायची. शेवफुटाण्याचं आमिष दाखवलं, मग दिलं नाही, कारण तोंड हललं असतं. असे तीन रविवार. तिसऱ्या रविवारी त्याने स्टुलावर बसल्या बसल्या शू केली, पण हलला नाही. मला ते स्टुलाखाली पाणी दिसल्यावर कळलं. चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्टुलाचं लाकूड त्यात फार सुरेख आलं आहे, कुणीही म्हणेल. डोळे घाबरलेले आहेत. ते चित्र माझ्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं आहे आणि मी ते बाहेर काढत नाही. त्यानंतर सात-आठ वर्षं मी हातात पॅड घेतलं की तो खोलीतून निघून जायचा.

त्याच साली विजेच्या बिलामागे काढलेलं एक रेखाटन आहे, बारा-पंधरा रेघांचं. तो मोरीत उकिडवा बसून तांब्याने पाणी उपसतोय. ते सुनेने माझ्याकडून मागून नेलं.

म्हणून मुलगी विचारते 'मला पाहते का चित्राला', तेव्हा ती तक्रार करत नाहीये, ती तुला खरं उत्तर मागतेय. तू एकटक बघतेस पण तिच्याशी बोलत नाहीस, हसत नाहीस, हे तिला कळतं. त्या वेळी पेन ठेव. चित्र जाऊ दे. नंतर तिला दुसरा पॅड दे आणि सांग, आता तू माझं काढ. ती तुझं डोकं भलंमोठं काढेल, बोटं झाडूसारखी, कदाचित मधेच पोट विसरेल. दुरुस्त करू नकोस. तू तिच्यासाठी हललीस तर ती ओरडेल, 'आई, हलू नको!' तेव्हा तुला कळेल समोर बसणं कसं असतं. आणि तिने 'माझं काढू नको' म्हटलं तर नाही काढायचं. पाच वर्षांचं पोर एवढं ठरवू शकतं. धाकटा अजून ठरवू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने तू ठरव: अंघोळीची, उघड्या अंगाची चित्रं वहीतच राहू देत, मोबाइलवरून गावभर फिरवू नकोस. चेहरा नसलेल्या पाठीची चित्रं इथेही उपयोगी पडतील.

थांबू का, असं विचारलंस. पोरं मोठी झाली की वेळ मिळेल, हे खरं आहे. मिळेल. पण तेव्हा उकिडवी बसताना टाचा उचललेल्या असतील. ते पुढे आणखी कुणाच्या घरात बघावं लागेल आणि लोकांच्या पोरांकडे असं तासभर बघू कोण देतं?

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. तू माहेरी जाशीलच. कडुलिंबाला झोका बांधला असेल, मुलीला त्यावर बसव आणि तू बाजूला, साधारण दहा फुटांवर, जमिनीवर बस. समोर नको, बाजूला. झोका वर जातो तेव्हा शेवटच्या टोकाला क्षणभर ठप्प थांबतो, मग उतरतो. तेवढाच क्षण बघायचा. पाय लांब, डोकं मागे, वेणी खाली लोंबती, दोन्ही हातांच्या मुठी दोरावर. झोका खाली आला की मान घालून ती एक रेघ काढायची. पुन्हा वर बघायचं. दुसऱ्या खेपेला गुडघा. तिसऱ्या खेपेला दोर किती तिरका आहे ते. पोर हलतंय आणि तरी दर खेपेला तुझ्यासाठी त्याच जागी परत येतंय. असं मॉडेल जगातल्या कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये मिळत नाही. तिला वाटेल आई आपल्याला झुलताना पाहतेय, आणि ते खोटंही नसेल. मधे मधे उठून झोका द्यावा लागेल, तो दे.

त्यातले पाच कागद मला पोस्टाने पाठव. निवडून नको, पहिले पाच.

ता. क. – आपण सगळे पेन्सिलीला टोक ब्लेडने काढतो. घरात रांगतं पोर आहे तोवर ब्लेड बंद, शार्पनर वापर. रबराचे तुकडे, चारकोलच्या कांड्या त्याच्या हाताला लागतील अशा ठेवू नकोस. तैलरंग आणि टर्पेंटाइन अजून दोन-तीन वर्षं घरात आणूच नकोस. आणि ब्रश धुवायचा पेला वेगळा ठेव. मी एकदा माझ्या सासऱ्यांना प्रशियन ब्लूचा चहा दिला आहे. त्यांनी अर्धा प्यायल्यावर विचारलं, 'साखर कमी आहे का गं?'